चार काठ्या आणि एक काकडी

दातवाल्यांनी ओला मोजा पिळला आणि ट्रेकिंगच्या काठीच्या मुठीवर टोपीसारखा चढवला. मोज्यातलं करडं पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं. त्याच हाताने त्यांनी काकडी उचलली.

"मीठ लावून देऊ का गं?"

"मला भूक नाही," ती म्हणाली. पोटात कावळे कोकलत होते.

दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालणारा माणूस! दाढा उपटणारे ते हात, केसाळ, फुगीर. चहा पितानाचा तो फुर्र आवाज. जेवण झाल्यावर जिभेने दातांची झाडलोट. दातांच्या डॉक्टरने तरी हे करू नये ना? आणि फिरायला निवडली जागा कुठली, तर हा उघडाबोडका माळ. एक झाड नाही. नजर जाईल तिथे मेंढ्यांच्या लेंड्या, लेंड्यांवर हिरव्या माश्या आणि त्याच माश्या काकडीवर.

आई गाडीच्या दाराला टेकून बसली होती, एक हात कमरेवर. दोन वर्षांपूर्वी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. काल रात्री तंबूत जमिनीवर झोपली आणि सकाळी तिला उठताच येईना. शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरून उभं केलं होतं. तेव्हा लेकीचा हात नेमका दातवाल्यांच्या घामट हाताला चिकटला होता. तो तिने नंतर तीनदा धुतला.

"ठमे," निघताना आईने सांगितलं होतं, "घरी परत येईपर्यंत काय ते सांग. तू नाही म्हणालीस तर मी यांच्याशी लग्न करणार नाही. विषय संपला."

कालपासून ती 'नाही' हा शब्द जिभेवर ठेवून फिरत होती.

"आज जमिनीवर झोपायचं नाही," दातवाल्यांनी आईला बजावलं. "झोळी बांधतो."

"बांधणार कशाला?" लेक फिसकन हसली. "हवेला?"

"काठ्या आहेत की चार. दोन माझ्या, दोन तुझ्या आईच्या."

दोन-दोन काठ्या वरच्या टोकाला बांधून त्यांनी दोन कैच्या उभ्या केल्या, मधे कापडी झोळी अडकवली आणि दोन्हीकडचे दोर ताणून खुंट्यांना बांधले. मोजा होता तिथेच, मुठीवर, झेंड्यासारखा. मग ते स्वतः आडवे झाले. काठ्या टिकल्या, पण झोळीचं बूड जमिनीला टेकलं.

"तुझ्याकडच्या दोन्ही वीतभर वाढव गं. आतली नळी ओढायची आणि पीळ द्यायचा. अगदी घट्ट."

पहिल्या काठीला तिने घट्ट पीळ दिला. दुसरीला दिला आणि अर्धा परत सोडला.

हिशेब सरळ होता. आता ते पुन्हा बसून बघणार आणि धप्पकन लेंड्यांत पडणार. आई खो खो हसणार. लेंड्यांत बसलेल्या माणसाशी कोण लग्न करतं?

"झालं का? सरका, मीच आडवी होते आता," आई उठत म्हणाली. "कंबर नुसती ठणकतेय."

आईने झोळीकडे पाठ केली. दोन्ही हातांनी कापड धरलं. गुडघे वाकवले.

"थांब!"

"काय गं?"

"आधी... आधी काका बसू देत."

आई वाकलेलीच राहिली. काल सकाळपासून लेकीने त्या माणसाला एकदाही हाक मारली नव्हती. आईचा चेहरा इतका उजळला, की तिला तो बघवेना.

काका बसले. काठीची नळी परत आत सरकली, कैची कलली आणि ते धप्पकन पडले, तिने ठरवलं होतं तसेच. आई हसली नाही. ती कमरेवर हात ठेवून नुसती बघत राहिली.

ते उठले. कोपराला दोन लेंड्या चिकटलेल्या. काठी हातात घेऊन त्यांनी पीळ तपासला, दुसरीचाही तपासला. मग तिच्याकडे पाहिलं. तिने मोज्याकडे पाहिलं.

"पीळ नीट बसला नव्हता," ते आईला म्हणाले. "मी बघायला हवं होतं."

या वेळी सगळ्या काठ्या त्यांनी स्वतः आवळल्या आणि दोनदा बसून पाहिलं. मग आई हळूच आडवी झाली. "काका म्हणालीस ना मघाशी?" डोळे मिटता मिटता ती पुटपुटली. थोड्या वेळाने तिचं तोंड उघडं पडलं आणि घोरणं सुरू झालं.

दोराची खुंटी उखडू नये म्हणून काका खुंटीवर पाय रोवून खाली बसले. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"मी ना..."

"हळू बोल. झोपलीय ती." त्यांनी वर पाहिलं नाही. आवाज बारीक होता, पण त्यात धार होती. "तिच्या मणक्यात दोन स्क्रू आहेत. मला पाड हवं तितकं. काठ्यांना पुन्हा हात लावायचा नाही."

तिने मान हलवली.

मग त्यांनी पँटला हात पुसले, माशी हाकलली आणि उरलेली काकडी मधोमध मोडली.

"भूक नाहीच ना अजून?"

त्यांच्या कोपरावर एक लेंडी अजून तशीच होती. शी!

"मीठ लावा," ती म्हणाली आणि हात पुढे केला.