उसवलेल्या टिपा

नवऱ्याच्या कमरेला टेप लावली आणि शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने आकडा दोनदा वाचला. अठ्ठावीस इंच! गेल्या वर्षी हीच कंबर चौतीस होती.

नवरा प्रयोगशाळेत उंदरांना खाणं घालायचा. एका रांगेला पोटभर, दुसरीला मोजकं. मोजकं खाणारे जास्त जगले, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. त्याचे वडील बावन्नाव्या वर्षी गेले होते आणि त्याला एक्कावन्नावं लागलं होतं. झालं! स्वयंपाकघरात तराजू आला, ताट निम्म्यावर आलं. माणसांचं अजून नक्की ठाऊक नाही, असं प्रयोगशाळेतल्या साहेबांनी परोपरीने सांगितलं. पण ऐकेल तर शपथ.

लोकांनी हसू नये म्हणून ती दर महिन्याला आतून टिपा घालून त्याचे कपडे अंगाबरोबर करायची. हात इतका सफाईदार, की शेजारी म्हणायचे, "तब्येत काय छान राखलीय!" तिलाही ते खरं वाटायचं. आज मात्र माप देऊन जिना चढताना तो तिसऱ्याच पायरीवर मटकन बसला. भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर आणि ओठ निळसर. हे सगळं आपणच झाकलं, या विचाराने तिला रडू फुटलं.

त्याला घरात आणून निजवलं आणि तिने त्याच्या पँटच्या सगळ्या टिपा उसवल्या.

"ही घाला बरं."

"अगं, ही कुणाची?"

"तुमचीच."

त्याने हात सोडला तशी पँट घसरून पायांशी पडली. तो हसायला गेला, तेवढ्यात त्याची नजर स्वतःच्या मांड्यांवर गेली.

"तुमच्या त्या उंदरांना जिने चढावे लागतात का हो?"

"नाही."

"गार वारा? ताप?"

"छे! खोली ऊबदार असते. चुकून एखादा आजारी पडलाच, तर त्या मोजकं खाणाऱ्यांतला..." तो थांबला.

"तर काय?"

"उठत नाही लवकर."

त्याने पँट वर ओढून पुन्हा कमरेशी धरली.

"मला मरणाची फार भीती वाटते गं," तो म्हणाला.

"मलाही. तुमच्या मरणाची. चार घास खा, मग डॉक्टरांकडे जाऊ."

तिने ताट वाढलं. त्याने सवयीने तराजूकडे हात नेला, तशी पँट पुन्हा घसरली. मग ती वर ओढून, एका हाताने तिची कंबर घट्ट धरून त्याने दुसऱ्या हाताने ताट पुढे ओढलं.