आन्ना एफाची पेटी

मी एक पेटी आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. माझं झाकण उचलणाऱ्या प्रत्येक हाताकडे मी आधी संशयानेच बघते. तुमच्याकडेही बघतेय. वाईट वाटून घेऊ नका. अडीचशे वर्षं लोक माझ्यात हात घालत आलेत आणि त्यातल्या बहुतेकांना काही ना काही लंपास करायचं होतं.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वस्तीतला, ओलीच्या खोऱ्यातला. आमच्या लोकांत मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की तिच्या नावाची पेटी करायची रीत. मग लग्नापर्यंत तिने तीत चादरी, अभ्रे, पंचे भरत जायचं. कोनराड श्टांबाखने मला स्वतःच्या हाताने केलं. अंगाला निळा रंग दिला, त्यावर लाल ट्युलिप काढले आणि मधोमध लेकीचं नाव घातलं: आन्ना एफा, १७७१.

माझ्या आत डाव्या हाताला एक छोटा खण आहे. एफाने त्यात आपली पांढरी टोपी ठेवली. रोज यायची, कुलूप लावायची आणि लगेच पुन्हा उघडून बघायची, टोपी जागेवर आहे ना. माझा संशयी स्वभाव बहुधा तिच्याकडूनच आलाय.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत ताप आला आणि एफा गेली. कोनराडने घरच्या बायबलमधल्या कोऱ्या पानावर, तिच्या नावापुढे, मरणाची तारीख लिहिली. त्यानंतर त्या पानाला त्याने कधी हात लावला नाही.

हिवाळ्यात त्या घरात पुन्हा मुलगी झाली. तिचं नावही आन्ना एफाच ठेवलं. गेलेल्या लेकराचं नाव पुढच्या लेकराला द्यायचं, ही आमच्याकडची आणखी एक रीत. तिचा जन्म मात्र त्या पानावर कुणी लिहिला नाही. आणि नावाची पेटी घरात होतीच, तेव्हा नवी कशाला करायची? मी तिला मिळाले.

मला ती मुळीच आवडली नव्हती. माझ्या अंगावर लिहिलेलं साल तिच्या जन्माच्या आधीचं. ही कोण आगंतुक आली, म्हणून मी बिजागऱ्या कुरकुरवायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने चादरी भरल्या आणि माझ्यापुढे गुडघे टेकून बसली.

"मी चोर नाही गं," ती हळूच म्हणाली. "हे नाव मी घेतलेलं नाही, मला दिलंय."

त्या खणाला तिने हात लावला नाही. दानिएल राउखशी तिचं लग्न झालं, तिला पुष्कळ मुलं झाली, आणि प्रत्येक लेकीला तिने एकच बजावलं, 'पेटी वापरा, तो खण तेवढा सोडा.'

पुढची कहाणी हालांची आहे. घरात कपाटं आली आणि मी गोठ्यात गेले. माझ्यात घोड्यांचे ओट्स भरले, माझ्यावर कोंबड्या बसल्या. कुणा पठ्ठ्याने चाकूने माझा एक ट्युलिप खरवडला, रंग जुना आहे का बघायला! दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पेटीचं वेगळं काय होणार?

सध्या मी लोवीनाच्या स्वयंपाकघरात असते. लोवीना राउख, वय एक्क्याऐंशी, लग्न न केलेली. रोज माझ्यावरून फडकं फिरवते. ही विकायच्या आधीची चकाकी तर नाही ना, असं मला परवापरवापर्यंत वाटायचं.

परवा तिच्या भावाचा मुलगा एल्वूड आला. मास्तरकीतून निवृत्त झालाय आणि आता संगणकावर घराण्याची वंशावळ जुळवतो. रविवारी सगळे राउख चर्चच्या आमराईत... नव्हे, ओकच्या राईत जमणार होते. (आमराई म्हणजे काय, ते मला ठाऊकसुद्धा नाही. तुमच्या भाषेत बोलताना जीभ घसरते.) तिथे घराण्याच्या मूळ जोडप्याच्या स्मरणार्थ नवा दगड बसायचा होता. दानिएलचं नाव कोरून झालं होतं. शेजारी एफाचं कोरायचं की नाही, हे दगडवाल्याला त्याच दुपारी कळवायचं होतं.

"आत्या, एफाचं नाव राहू दे," काकवीच्या गोड पाय-पेस्ट्रीचा तुकडा कॉफीत बुडवत एल्वूड म्हणाला.

"का रे? तिने काय तुझं घोडं मारलं?"

"बायबलमध्ये काय लिहिलंय? आन्ना एफा दहाव्या वर्षी वारली. मग बावीस वर्षांनी दानिएलशी लग्न कुणी केलं? भुताने?"

"धाकटी बहीण असेल."

"नोंद कुठाय? चर्चचं त्या वर्षांचं दप्तर जळालं. मला वाटतं, युरोपातून येतानाचं जहाजाचं भाडं फेडायला घरात राबणारी मोलकरीण असणार. मेलेल्या पोरीचं नाव उचललं, पेटी उचलली आणि झाली श्टांबाखांची लेक! खोटं नाव दगडावर कशाला?"

"मोलकरीण असती तरी आपली आईच ती," लोवीना म्हणाली. "पण चोर म्हणू नकोस तिला."

"आणि एकाच आईबापाच्या दोन मुलींना एकच नाव? कुणी ठेवतं का असं?"

मला ओरडावंसं वाटत होतं. पण लाकडाला बोलता येतं कुठे?

लोवीनाने कप खाली ठेवला. "एल्वूड, वाढदिवसाच्या कार्डावर तू माझं वय चौऱ्याऐंशी लिहिलंस."

"तीन वर्षं चोरतेस ना तू? पकडली की नाही?"

"तुला कुठे सापडली ती तीन वर्षं?"

"यादीत लोवीना दोनदा आली होती, तीन वर्षांच्या फरकाने. चुकून दोनदा लिहिलं असणार, म्हणून एक पुसली."

"मला पुसलंस," लोवीना म्हणाली. "ठेवलीस ती माझी बहीण. छातीत कफ भरून गेली बिचारी. नंतर मी झाले आणि आईने मला तेच नाव दिलं."

एल्वूडने कॉफीचा कप बाजूला सारला.

"मे महिना संपताना आई मला दफनभूमीत न्यायची, फुलं वाहायला. अक्षरं ओळखायला लागले त्या वर्षी तो लहानसा दगड वाचला आणि किंचाळलेच. माझंच नाव! आई म्हणाली, 'घाबरू नको. तिचं म्हणून आपल्या घरात एवढंच उरलंय. ते तू सांभाळ.'"

"बाबा कधी बोलले नाहीत."

"तुझा बाप शेंडेफळ. आणि आपल्या घरात बोलतं कोण?"

एल्वूडने मान डोलावली. पण संशयाचं भूत असं एका झटक्यात उतरत नाही, हे मला माझ्यावरून ठाऊक आहे. "पण एफाचा पुरावा..." तो पुटपुटला.

लोवीना उठली. तिने माझं झाकण उघडलं आणि पहिल्यांदाच त्या खणात हात घातला. माझ्या बिजागऱ्या कुरकुरल्या. तिने टोपी तळहातावर घेतली. पिवळी पडलेली, कसर लागलेली, लहान पोरीच्या डोक्याची टोपी.

"पेटी चोरणारा खण आधी रिकामा करतो," ती म्हणाली. "ही कुणी आणि का सांभाळली, ते मला विचार."

एल्वूडने डोळे पुसले आणि दगडवाल्याला फोन लावला. "लिहून घ्या. आन्ना एफा, लहानपणी वारली. तिच्याखाली आन्ना एफा, दानिएलची बायको." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, चूक नाही," तो म्हणाला. "नाव दोनदाच कोरा."

आता मी म्हातारी झालेय. एक पाय किडलाय, एक ट्युलिप गेलाय. तुमच्याकडे एकच मागणं आहे. जुन्या नोंदींत तेच नाव दोनदा दिसलं तर संशय जरूर घ्या, मीही घेते. पण पुसायच्या आधी घरातल्या म्हातारीला विचारा.

एल्वूड गेल्यावर लोवीनाने टोपी खणात ठेवली आणि मला कुलूप लावलं. दोन पावलं गेली, परत आली आणि पुन्हा उघडून बघितलं, टोपी जागेवर आहे ना.