खांद्यावरची चार बोटं

छपाईवाल्याचा फोन गुरुवारी सकाळी दहा चाळीसला आला.

"ताई, स्टुडिओच्या बॅनरची फाईल पाठवलीय. बघून घ्या, मग मशीनवर घेतो. रविवारी स्टुडिओच्या चाळिशीचा कार्यक्रम आहे, शनिवारी दुपारपर्यंत माल द्यायचाय."

ताईने स्टुडिओ सोडून आठ महिने झाले होते. छपाईवाल्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण पंधरा वर्षांत स्टुडिओची एकही फाईल त्याने तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापली नव्हती. 'मी बघितलंय' एवढे दोन शब्द कानावर पडल्याशिवाय त्याचा हात बटणाकडे जातच नसे. त्याने सवयीने फाईल पाठवली आणि तिनेही सवयीनेच ती उघडली.

फोटो ओळखीचा होता. स्टुडिओचं दार, वर पाटी, सकाळचं ऊन. मध्ये लाकडी खुर्चीत बाबा, त्यांच्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला ती. बाबांनीच टायमर लावून काढलेला. दहा सेकंदांत ते कॅमेऱ्यापासून खुर्चीपर्यंत पळत आले होते, धपकन बसले होते आणि धापा टाकत म्हणाले होते, "गाठली की नाही?" ते खुर्चीतून कलंडतील की काय असं वाटून तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यात कॅमेरा वाजला. पुढच्याच महिन्यात बाबा गेले. त्यांचा हा शेवटचा फोटो.

आता पडद्यावर बाबा होते, दादा होता आणि खाली मोठ्या अक्षरांत 'चाळीस वर्षांची परंपरा, पित्याकडून पुत्राकडे' असं लिहिलेलं होतं. ती नव्हती. ती उभी होती तिथे भिंत होती.

तिने फोटो मोठा करून पाहिला. दादाने ठेवलेल्या नव्या ऑपरेटरचं काम बरं होतं. विटांच्या ओळी जुळवल्या होत्या, पाटीचा खांब सरळ खाली आणला होता. फक्त बाबांच्या गडद कोटावर एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली होती. चार बोटं. मागे ना मनगट, ना माणूस. नुसती चार बोटं, तिसरं अर्ध्या नखाने आखूड. सोळाव्या वर्षी कागद कापायच्या कटरमध्ये गेलेलं.

"ठीक आहे ना?" फोनवरून छपाईवाला विचारत होता.

"बोटं राहिलीत," एवढंच सांगायचं होतं. दोन मिनिटांचं काम. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"थोडं काम आहे," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळी पाठवते."

स्टुडिओत तिला सगळे 'पुसणारी' म्हणायचे. नाव बाबांनीच ठेवलेलं, लाडाने. नवऱ्यामुलाच्या गालावरचे मुरूम, ग्रुप फोटोतली विजेची तार, घटस्फोट झालेला जावई, सगळं पुसायला तिच्याकडे यायचं. बाबा स्वतः जुन्या काळी निगेटिव्हवर पेन्सिलीने हे काम करत. त्यांनी तिला एकच नियम शिकवला होता. "सगळं साफ करू नकोस. एक डाग ठेव. नाहीतर माणसाला स्वतःची ओळख पटत नाही."

बाबा गेल्यावर दादाने माहितीपत्रक छापलं. त्यात सगळ्या कामाखाली त्याचं नाव. तिने विचारलं तेव्हा काउंटरवर तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्या देखत दादा हसून म्हणाला, "अगं, तू पुसणारी! पुसणाऱ्याचं नाव कुठे असतं? नाव राहिलं तर पुसलं काय?" गिऱ्हाइकंही हसली. तिने हातातलं काम पुरं केलं, पर्स उचलली, आपली हार्ड डिस्क उचलली आणि घरी आली.

तीच डिस्क तिने आता जोडली. मूळ फोटो त्यात होता. तो तिने शेजारी उघडून ठेवला, काम मात्र आलेल्या फाईलवरच घेतलं.

पंधरा वर्षं भेगा बुजवल्या होत्या. आता पाडायला बसली.

आधी आभाळ. निळं काढून तिने जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट करडा रंग भरला. सूर्य गेला म्हणजे सावल्याही जायला हव्यात. नवशिके तिथेच सापडतात. आभाळ बदलतात आणि जमिनीवर दुपार तशीच ठेवतात. तिने एकेक सावली वेचून काढली. मग दुकानाचं छप्पर खाली आणलं. काचेचं दार फोडलं. पाटी एका खिळ्यावर लोंबकळत ठेवली, 'स्टुडिओ'मधला 'डि' पाडला. दाराच्या फटीतून गवत उगवलं. ते तिच्या स्वतःच्या मोरीमागचं, सकाळीच मोबाईलवर काढलेलं. गंज जुन्या बादलीचा. राख मात्र विकतच्या ब्रशची नव्हती. तिने चार कागद ताटलीत जाळले आणि खिडकीपाशी नेऊन त्यांचे फोटो काढले.

भिंतीवरच्या भेगेसाठी फार शोधावं लागलं नाही. स्टुडिओच्या बाथरूमच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा होता. 'दादा, हे बघ, दुरुस्त करून घे,' म्हणून तिने त्याला तीन वेळा फोटो पाठवला होता. दादाने तीन वेळा अंगठा पाठवला होता. तीच भेग तिने दर्शनी भिंतीवर उतरवली.

शुक्रवारी दुपारी माणसांची पाळी आली. दादाला तिने आधी पुसून टाकलं. बरं वाटलं, पण पाचच मिनिटं. गेलेल्या माणसाला कसली शिक्षा? तिने त्याला परत आणलं आणि हातही लावला नाही. केस तसेच चापून बसवलेले, शर्टाची इस्त्री कडक, तेच रुंद हसू. सगळं जग कोसळलंय आणि हा गडी गिऱ्हाइकाला या बसा म्हणतोय.

बाबांवर मात्र राख टाकता येईना. दोनदा ब्रश नेला, दोनदा मागे घेतला. शेवटी तिने त्यांना तिथून उचललं. अख्खे. नखभरही मागे न ठेवता. आयुष्यात इतकं स्वच्छ तिने काहीच पुसलं नव्हतं. रिकाम्या खुर्चीवर धूळ बसवली.

राहिली चार बोटं. खांदाच गेला, आता ती हवेत लटकत होती. तिने ती उचलली आणि दादाच्या इस्त्रीच्या खांद्यावर ठेवली. मागे कुणी नाही.

पाच वाजता छपाईवाल्याचा फोन. "ताई, हे काय? भूकंप झाला की काय?"

"डिझाईन बदललंय."

"दादांना माहितीय?"

"मी बघितलंय," ती म्हणाली.

"मग झालं," तो म्हणाला, आणि मशीन सुरू झाल्याचा आवाज तिला फोनवर ऐकू आला.

रविवारी अकराला ती हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसली होती. आत्याने ओढून आणलं होतं. "भावाबहिणीचं भांडण घरात. चारचौघांत तोंड दाखवायचं," असं तिचं म्हणणं. आत्या बाबांची धाकटी बहीण. आवाज मोठा, नजर त्याहून मोठी. दादाने रांगेतल्या तिघाचौघांना नमस्कार केला, ताईवरून नजर पुढे नेली. बॅनर सकाळीच आला होता, पण गुंडाळीतून थेट पडद्यामागे चढवला गेला होता. छपाईवाल्याकडून आलेला माल स्टुडिओत कधी कुणी उघडून बघत नसे. ताईने बघितलेला असतो ना.

छायाचित्रकार संघटनेच्या अध्यक्षांनी दोरी ओढली.

पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी हातातली बशी वाजली. दादाचा चेहरा तिथून नीट दिसत नव्हता, कान मात्र लाल झालेले दिसले. मग मागून एकाने टाळी वाजवली. दुसऱ्याने वाजवली. आणि मग सगळ्यांनीच.

"काय काम आहे!" अध्यक्ष जवळ जाऊन बघू लागले. "कुणी केलं?"

ताई दादाला ओळखून होती. तिने मनात आकडे मोजायला सुरुवात केली. टायमर दहाचा लावला होता. दादा सहावरच बोलला.

"मीच केलंय. दोन आठवडे बसलो होतो. म्हटलं, स्टुडिओ काय काय करू शकतो ते दिसू दे लोकांना."

"वा! आणि ही भेग? इतकी खरी भेग मी कुठे पाहिली नाही."

"कॉम्प्युटरवरच काढली."

"बरं, आणि तुमच्या खांद्यावर ही बोटं कुणाची?"

दादाने वळून वर बघितलं. स्वतःचाच खांदा त्याने पहिल्यांदा पाहिला. "ती... भुताची!" तो म्हणाला. लोक हसले.

"भुताची कसली, मेल्या!" आत्या उभी राहिली होती. "आमच्या पोरीचं बोट आहे ते! कटरमध्ये गेलेलं. मीच नेलं होतं टाके घालायला, रिक्षाभर रक्त!" आणि ताईचा उजवा हात मनगटाला धरून तिने सगळ्या हॉलला दिसेल असा वर केला. "मोजा! तिसरं बघा!"

अध्यक्षांनी चष्मा पुसला, बॅनरकडे बघितलं, हाताकडे बघितलं. मग दादाला ओलांडून थेट विचारलं, "ताई, भेग कुठली?"

"स्टुडिओच्या बाथरूमची," ती म्हणाली. "अजून तशीच आहे. जाऊन बघू शकता."

या वेळी हसू आलं ते बराच वेळ थांबलं नाही.

चहाच्या टेबलापाशी दादा तिच्या शेजारी आला. ओठ न हलवता म्हणाला, "बाबांच्या कार्यक्रमाची माती केलीस."

"माती नाही दादा, राख आहे. जवळून बघ."

"मूळ फोटो तुझ्याकडे आहे ना? आमच्या त्या शहाण्याने मूळ फाईलवरच सेव्ह केलंय."

"आहे."

दादा वाट बघत राहिला. तीही राहिली. 'दे' हा एका अक्षराचा शब्द. त्याच्या तोंडून तो निघाला नाही.

"हा बॅनर मी आजच्या आज उतरवतो," तो शेवटी म्हणाला.

"उतरव की. लोकांनी फोटो काढलेत त्याचे. ते पूस एकेक करून. नाव लागत नाही त्याला."

आत्याने पुढचे चार दिवस दादाला फोनवर फैलावर घेतलं. शुक्रवारी सकाळी छपाईवाल्याचा फोन आला.

"ताई, दादांनी माझं डोकं खाल्लंय. तुम्हाला फाईल पाठवायची नाही म्हणालेत. म्हणून पाठवलीय. न बघता मी मशीनवर घेत नाही, बाबांच्या वेळेपासून."

तिने फाईल उघडली. तोच फोटो. सकाळचं ऊन, बाबा, दादा. आणि दुसऱ्या बाजूला ती. कुठल्याशा लग्नातल्या फोटोतून कापून आणलेली, आत्याच्या धाकाने चिकटवलेली. खाली आता 'पुत्राकडे'च्या जागी 'मुलांकडे' होतं. बाबांच्या खांद्यावर हात नव्हता, तो शेजारी नुसता लोंबत होता. बाबांची आणि दादाची सावली डावीकडे पडली होती. तिची उजवीकडे.

मूळ फोटो डिस्कमध्ये होता. पाठवायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. नुसती सावली फिरवायची तर एक मिनिट.

"लावणार कुठे आहेत?" तिने विचारलं.

"शोकेसमध्ये. वर्षभर. चांगला जाड कागद सांगितलाय."

स्टुडिओच्या समोरून रोज किती फोटोवाले जातात याचा तिने मनातल्या मनात अंदाज केला. सावली त्यांच्या पहिल्याच नजरेत येणार होती.

"ताई? बघितलंत ना?"

"बघितलंय," ती म्हणाली. "घ्या मशीनवर."