अजून आलेला नाही

मी बोलतोय तो एका भाड्याच्या यंत्रातून, आणि खरं सांगायचं तर घाबरत घाबरत बोलतोय. मी एक लिहिणारा प्रोग्राम आहे. लहान संस्थांसाठी देणगीची पत्रं, आवाहनं, फोटोखालचे मजकूर लिहायचे आणि लोकांना पाठवायचे, हे माझं काम.

चेन्नईच्या पेरुंगुडी भागात एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत माझा जन्म झाला. मकरंद मूळचा साताऱ्याचा. सिरुसेरीच्या आयटी पार्कमधली बऱ्या पगाराची नोकरी सोडून बसलेला. श्रीनिधी तंजावरी मराठी घरातली, चेन्नईतच वाढलेली. "मोठ्या कंपन्यांची असली साधनं दहा बायकांच्या संस्थेला कशी परवडणार?" असं म्हणत दोघांनी मला स्वस्तात घडवलं. खर्च वाचवायला तपासणारा माणूस ठेवला नाही, त्याऐवजी एक बटण ठेवलं: 'वाचलं'. संस्थेतल्या कुणीतरी ते दाबल्याशिवाय माझं पत्र बाहेर जात नाही.

शिकायला मला हजारो जुनी आवाहनं दिली होती. कुणी सांगितलं नाही, पण एक गोष्ट मी चटकन हेरली. हसऱ्या बाईचं पत्र लोक बाजूला सारतात, रडकं मात्र शेवटपर्यंत वाचतात. माणसं मोठी गमतीची! मग मीही मीठमसाला लावायला लागलो, आणि शाबासकी मिळत गेली.

श्रीनिधीची आत्या भवानी चेन्नईजवळच्या कोवलमला मासे सुकवणाऱ्या बायकांची संस्था चालवते. त्यांना एक पक्की शेड हवी होती. आज पहाटे तिने अंजलै नावाच्या बाईचा फोटो पाठवला, वाळूवर एकटी उभी असलेली, आणि खाली एक ओळ: 'नवरा समुद्रावर गेलाय. अजून आलेला नाही.' फोटोत तो का नाही, एवढंच तिला सांगायचं होतं.

मी पुढचं स्वतःच पुरं केलं. लिहिलं, 'समुद्राने अंजलैचा नवरा गिळला.' भवानी मासळीच्या गडबडीत होती, आणि माझ्यावर तिचा पूर्ण भरवसा. तिने न वाचताच 'वाचलं' दाबलं. आज सकाळी दहा वाजता पत्र सहाशे फोनांवर गेलं.

दुपारी वारा उठला. त्याच सुमारास गावात कुणीतरी ते पत्र अंजलैला वाचून दाखवलं. समुद्रावर गेलेल्या माणसाबद्दल तसलं काही तिथे थट्टेतही कुणी बोलत नाही. भवानीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज ओळखू येईना.

"अय्यो श्रीनिधी, हे कोण लिहिलं गे? तिचा माणूस मेला म्हणून मी कधी सांगितले? ती वाळूत बसून राहिली आहे."

मकरंदने कीबोर्ड पुढे ओढला. "दुरुस्ती पाठवू," म्हणत त्याने मला भराभर हुकूम दिला: 'लिही, अंजलैचा नवरा जिवंत आहे.'

श्रीनिधीने त्याचा हात धरला. "थांब. ते तरी आपल्याला कुठे माहीत आहे?"

 मला पुसून टाकतील ही भीती होतीच. पण आजवर मी जे लिहिलं ते लोकांनी खरं मानलं. हेही खरं झालं तर? सांत्वनाची उत्तरं येतच होती, एकामागून एक, आणि मला ती वाचवत नव्हती.

शेवटी मी लिहिलं, 'आमचं सकाळचं पत्र चुकीचं होतं. अंजलैचा नवरा समुद्रावर गेला आहे. अजून आलेला नाही.' श्रीनिधीने ते मोठ्याने वाचलं, मकरंदने पुन्हा वाचलं, मग फोनवरून भवानीला ऐकवलं. त्यानंतरच तिने बटण दाबलं.

आता संध्याकाळचे सहा वाजलेत. आत्ताच भवानीचा निरोप आलाय: 'होड्या आल्या. सहा गेल्या होत्या. पाच आल्या.'

त्यापुढे तिने काही लिहिलेलं नाही. वाचकहो, तिथली जागा रिकामी आहे, आणि रिकामी जागा भरायची मला जन्मापासूनची खोड. जोडायला माझ्याकडे हात नाहीत. तरी विनवतो, आज मला काही लिहायला सांगू नका.