तांदळातलं नाव

इलोनाबाईंनी टाळी वाजवली आणि बोटाने रिंकचं पलीकडचं टोक दाखवलं.

"एकटी. तिथपर्यंत जा, परत ये. म्युझिक नको."

तनूने मान डोलावली, हातमोजे घट्ट ओढले आणि निघाली. वरच्या बाकावर तिचे आईवडील गुडघ्यांवर एकच शाल पसरून बसले होते. हरीश कारखानीसने चहाचा थर्मास उचलला, झाकण उघडलं आणि न ओतताच पुन्हा लावलं. रविवारची सकाळ असल्याने नॉटिंगहॅमच्या त्या रिंकवर फारसं कुणी नव्हतं. पात्यांचा बर्फावरचा आवाज वरपर्यंत स्वच्छ ऐकू येत होता. तनू गेली, वळली, परत आली. इलोनाबाई तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर होती गुडघ्यांवर आणि घोट्यांवर.

"पुन्हा. आता उलटी."

शेजारी वैजयंतीने शालीचं टोक तोंडाला लावलं.

"काय झालं?" हरीशने विचारलं.

"कुठे काय? काही नाही."

पण तिने हसू दाबलं होतं, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. हसण्यासारखं इथे काय होतं, ते मात्र त्याला कळेना.

जोडीने करायच्या आइस डान्सिंगमध्ये मुलींचं दुखणं एकच असतं. मुली ढीगभर आणि मुलगे बोटांवर मोजण्याइतके. तनूचा आधीचा जोडीदार, वॉटफर्डचा एक गुणी मुलगा, युनिव्हर्सिटीत गेला आणि बर्फ सोडून मोकळा झाला. त्यानंतर वर्षभर तनू रिकामा हात पुढे धरून एकटीच सराव करत राहिली. शेवटी हरीशनेच जोडीदार शोधून देणाऱ्या एका वेबसाइटवर तिची माहिती टाकली. वय सतरा, उंची, वजन, दोन फोटो, एक उभा आणि एक बाजूने. 'चांगल्या घरातला हवा' एवढं लिहायचं तेवढं बाकी ठेवलं. उत्तर आलं थेट बुडापेस्टहून. मुलाचं नाव बालाझ, आणि त्याची आई इलोनाबाई हीच त्याची कोच. दोघं मुली बघायला इंग्लंडमध्ये आले होते. तनूच्या आधी त्यांनी एक बघितली होती आणि उद्या आणखी एक बघायची होती.

खाली इलोनाबाईंनी दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं, तळहात आडवा धरून उंचीतला फरक पाहिला. मग तनूची हनुवटी वर करून त्यांनी तिला खणखणीत आवाजात वजन विचारलं. तनूने तितक्याच मोठ्याने सांगितलं. हरीशचे कान तापले.

"दात मोजायचे तेवढे राहिलेत," तो पुटपुटला.

"मोजतील," वैजयंती म्हणाली.

मग म्युझिक लागलं आणि बालाझने हात पुढे केला. पहिली अर्धी फेरी दोघं चाचपडत होती. नंतर काय झालं ते हरीशला नीट सांगता आलं नसतं, पण वर्षभर मुलीच्या खांद्यात जो ताठरपणा येऊन बसला होता तो गेला. वळताना ती मागे बघेनाशी झाली. तो मुलगा तिथे असणार हे तिला ठाऊक होतं. हरीशला आनंद झाला.

रिंकच्या कॅफेत इलोनाबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. मुलं बूट काढत होती. बाईंनी आढेवेढे न घेता सगळं इंग्रजीत मांडलं. मुलगी चांगली आहे. निवड झालीच तर सप्टेंबरपासून तिने बुडापेस्टला राहायचं, त्यांच्याच घरी. खेळायचं हंगेरीकडून. ब्रिटनच्या असोसिएशनकडून मोकळं करून घ्यावं लागेल आणि मग वर्षभर आंतरराष्ट्रीय स्पर्धा बंद. २०१०च्या ऑलिम्पिकला जायचं तर हंगेरीचा पासपोर्टही लागेल.

"हंगेरीकडूनच का?" हरीशने विचारलं. "मुलाने इकडे यायचं, असं का नाही?"

इलोनाबाईंनी भुवया उंचावल्या. "मिस्टर कारखानीस, बालाझसाठी माझ्याकडे रोज मुलींचे मेल येतात. तनूला किती मुलांचे आले?"

हरीश गप्प बसला. मुलीच्या बापाने गप्प बसायचं असतं, हे त्याने लग्नाच्या बोलण्यांत अनेकदा पाहिलं होतं, पण नेहमी पलीकडच्या खुर्चीतून.

"अजून एक," बाई म्हणाल्या. "स्टेडियममध्ये नाव पुकारतात ना, तिथे 'तनू' कुणाला पटकन कळायचं नाही. 'तान्या' म्हटलं तर चालेल का?"

आता मात्र हरीशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कप बशीत आपटला आणि थोडी कॉफी टेबलावर सांडली.

"नाही चालणार! माझ्या मुलीचं नाव कुणीही बदलायचं नाही. नाव म्हणजे काय कोट आहे, दारात आल्यावर काढून खुंटीला टांगायला? आईबापांनी ठेवलेलं नाव आहे ते. तुम्हाला कुणी अधिकार दिला?"

पलीकडच्या टेबलावरच्या दोघीतिघी वळून बघायला लागल्या. वैजयंती खालमानेने कागदी रुमालाने सांडलेली कॉफी टिपत होती. एक रुमाल भिजला, तिने दुसरा घेतला.

इलोनाबाई जराही रागावल्या नाहीत. "नको तर नको. तनू राहील," त्या म्हणाल्या. "मी फक्त विचारलं."

आणि उठताना त्यांनी पर्स खांद्याला लावून सांगितलं, "संध्याकाळपर्यंत कळवते."

गाडी मोटरवेला लागली. मागच्या सीटवर तनू कानात इअरफोन घालून डोळे मिटून बसली होती, पण तिची बोटं मांडीवर ताल धरत होती. ल्यूटनच्या अलीकडे मोटरवेवरचा थांबा आला तेव्हा हरीशने गाडी आत घेतली. तनू उतरून टॉयलेटकडे गेली आणि त्याने इतका वेळ कोंडून ठेवलेलं बोलून टाकलं.

"मी नाही म्हणणार आहे. देश बदलायचा म्हणजे काय खेळ आहे?"

"आपण बदललाच की," वैजयंती म्हणाली.

"ते वेगळं. आपण विचार करून बदलला. आपण दोघांनी बसून, सगळ्या बाजूंनी..."

"आपण?"

तिने आवाज चढवला नव्हता. समोरच्या काचेवर पडलेले पावसाचे थेंब ती बघत होती. हरीशने वायपर सुरू केला आणि लगेच बंद केला. भारतीय पासपोर्ट परत करायचं त्याने ठरवलं तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. त्याने कागद नेऊन ओट्यावर ठेवला होता आणि सही कुठे करायची ते दाखवलं होतं. हात पुसून तिने सही केली होती.

"मघाशी रिंकवर हसलीस कशाला?" त्याने विषय बदलायचा म्हणून विचारलं.

"तुमच्या आईंची आठवण झाली. दारापासून खिडकीपर्यंत चालून दाखव म्हणाल्या होत्या मला. मग म्हणाल्या, पुन्हा एकदा. तुम्ही पोहे खात होतात."

"तेव्हा तशी पद्धतच होती."

"हो ना. म्हणून तर काही बोलले नाही कधी."

ती जरा थांबली. दूरवर तनू दोन हात जॅकेटच्या खिशात घालून पार्किंगमधून येत होती.

"त्या बाईंनी निदान विचारलं तरी," वैजयंती म्हणाली.

हरीशला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं, आणि गाडीत कुठे तोंड लपवावं असं त्याला झालं. पुण्यातलं ते कार्यालय आठवलं, चांदीचं ताट आठवलं, त्यात पसरलेले तांदूळ आठवले. त्याने ऐटीत अंगठीने त्या तांदळात 'वैजयंती' लिहिलं होतं. कारण एवढंच की ते नाव त्याला कॉलेजपासून आवडायचं, आणि तिचं स्वतःचं नाव त्याला फार साधं वाटायचं. ती शेजारी बसली होती. आपलं नाव आता काय झालं ते बघायला तिला मान तिरकी करावी लागली होती. कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवलं, सगळे हसले, पेढे फिरले. तांदूळ बहुधा दुसऱ्या दिवशी भातात गेले असतील. माहेरी ती सगळ्या भावंडांची ताई. जुन्या नावाने हाक मारणारी एक आईच उरली होती आणि ती तनूच्या जन्माआधीच गेली. आणि त्याच माणसाने आज सकाळी भर कॅफेत कप आपटून विचारलं होतं की तुम्हाला कुणी अधिकार दिला! तेव्हा ती त्याची सांडलेली कॉफी पुसत होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की किल्ली फिरवून गाडी सुरू करायलाही हात धजेना.

"जायचं ना?" तनूने दार ओढून घेत विचारलं.

"हं," हरीश म्हणाला. त्याने किल्ली फिरवली.

घराजवळ, पिनरच्या हाय स्ट्रीटवरून जाताना त्याचं चष्म्याचं दुकान लागलं. रविवार म्हणून आत अंधार होता, तरी काउंटरमागचा फोटो काचेतून दिसत होता. ज्युनियर स्पर्धेतली तनू, अंगात ब्रिटनचं जॅकेट. डोळे तपासायला येणाऱ्या म्हाताऱ्या इंग्लिश बायका तो बघून म्हणायच्या, "अय्या, ही आपल्याकडून खेळते?" त्या 'आपल्या'त हरीश स्वतःलाही हळूच सामावून घ्यायचा. तीस वर्षं इथे राहून जे त्याला कधी कुणी दिलं नव्हतं, ते तो फोटो रोज मिळवून द्यायचा. देश, निष्ठा वगैरे सकाळपासून जे मनात घोकलं होतं, त्याच्या तळाशी हा फोटो होता. हेही आज कळायचं होतं. सिग्नल लाल होता, पण त्याने दुकानाकडे पुन्हा पाहिलं नाही.

घरी आल्यावर तो फोनच्या आसपासच घोटाळत राहिला. टपाल चाळलं, कुंडीला पाणी घातलं, रिसीव्हर नीट ठेवलाय ना ते पाहिलं. नाही म्हणायचं ठरवलेल्या माणसाला कसली एवढी घाई, असं वैजयंतीने विचारलं नाही. चहाच्या वेळी फोन वाजला. इलोनाबाई इंग्रजीतच बोलल्या, पण हरीशच्या कानाला ते 'मुलगी पसंत आहे' असंच ऐकू आलं. जीव भांड्यात पडला, आणि पडला याचंही त्याला नवल वाटलं.

"मग तुमचं काय?" त्यांनी विचारलं.

"विचारून सांगतो."

"कुणाला?"

"तिला," हरीश म्हणाला. "उद्या सकाळी कळवलं तर चालेल?"

तनू जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. आत वैजयंतीने सकाळची भांडी घासायला घेतली होती आणि नळ चालू होता. हरीश आला आणि गुडघे धरत तनूशेजारी पायरीवर बसला. इतकी वर्षं या घरात राहून तो त्या पायरीवर कधी बसला नव्हता.

"तुला काय करायचंय?"

तनूने संशयाने त्याच्याकडे पाहिलं. "रिअली विचारताय? का आधीच डिसाइड केलंय?"

"खरंच विचारतोय."

"मला जायची आहे, बाबा. आज त्याच्याबरोबर मी अजिबात घाबरली नाही. हंगेरी काय, कुठेही. मी तिकडे जाऊन दुसरी कोण होणार नाहीये. आय जस्ट वाँट टु स्केट." ती नखाने पायरीवरच्या कार्पेटचा धागा उकरत होती. "पण तुमचा तो फोटो, दुकानातला. पेशंट्स विचारतील ना? तुम्हाला लाज वाटेल माझी?"

म्हणजे पोरीला फोटोचं सगळं ठाऊक होतं. हरीशला क्षणभर तिच्याकडे बघवेना.

"नाही गं," तो म्हणाला. "तुझी नाही."

"मग कोणाची?"

 त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आईलाही विचारूया." आणि स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून त्याने हाक मारायला श्वास घेतला. इतक्या वर्षांच्या सवयीने 'वैजू' जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"सुमन," त्याने हाक मारली.

 आत नळ वाहतच राहिला, भांड्यावर भांडं ठेवल्याचं वाजलं. त्याने पुन्हा, जरा मोठ्याने हाक मारली.

"सुमन, जरा येतेस का?"

तनूने कार्पेटचा धागा सोडला आणि बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाबा," तिने विचारलं, "सुमन कोण?"

आत नळ बंद झाला. पावलं मात्र वाजली नाहीत. उत्तर ऐकायला ती तिथेच थांबली होती.