उकळलेली साक्ष

नळी करंगळीएवढी, चिमट्यात धरलेली, आणि तिच्यात गहिनीनाथ वकिलांची सकाळची लघवी. स्पिरिटच्या दिव्यावर ती कोमट झाली असेल-नसेल, तोच आत दुधात लिंबू पिळल्यासारखं पांढरं फुटलं.

"रहीममियाँ, थांबा! हे काय?" वकिलांच्या सुजलेल्या जिभेवरून शब्द चिखलातल्या गाडीसारखे आले.

"सबर करा, वकीलसाहेब. खळखळून उकळी आल्याबिगर नळी डॉक्टरसाहेबांपुढं न्यायची न्हाई, आपला बारा सालांपास्नंचा कायदा हाय." कंपाउंडर नळी हलवत राहिला. उकळी आली. पांढरं विरघळून गेलं, पाणी निवळशंख.

डॉक्टरांनी नळी उजेडाकडे धरली. माणूस हैदराबादेत शिकलेला, सभ्य, म्हणून जास्तच चीड आणणारा. "एक दुखणं आहे पुस्तकात. हाडांच्या मगजातल्या पेशी माजतात, नको ते द्रव्य करत सुटतात. ते जिभेत, गुर्द्यांत म्हणजे मूत्रपिंडांत, काळजात साचतं. पण मग लघवीतही उतरतं, तापवली की पांढरं दिसतं. तुमची साफ आहे. दारू कमी करा."

दारू! वकील मनातच उसळले. जन्मात थेंब नाही... आणि गावाचं निदान आणखी पुढचं — साक्षीदार पढवले, म्हणून जीभ फुगली. परवा केसरबाईनं, माझ्या बायकोनं, ताट वाढताना खाली बघूनच विचारलं, "कुणाचं वाईट तर न्हाई ना केलं तुमी?" म्हणून तर हवा होता डॉक्टरचा कागद, की हे पाप नव्हे, रोग आहे. जिभेला हाड नसतं म्हणे! माझ्या जिभेच्या मुळावर हाडंच उठलीत, आणि त्यांच्यावर फिर्याद घेईल असं कोर्ट निजामाच्या राज्यात नाही.

"आता नाही," वकील म्हणाले, "पण होतं."

"पाहिलंत, की वाटलं?" डॉक्टर हसले आणि हात धुवायला वळले.

हा प्रश्न तर माझा, मीच भर कोर्टात विचारलेला. घाटनांदूरची सारजाबाई, साक्षीच्या पिंजऱ्यात, पदर दातात. माझ्या अशिलाच्या बैलांनी तिची उभी ज्वारी तुडवलेली, आणि पंच येईपर्यंत अशिलानं वर नांगर फिरवलेला. "आता न्हाई साहेब, पण व्हतं की!" पाहिलंस, की वाटलं? — न्यायाच्या खुर्चीवरचे मुन्सिफसुद्धा हसले होते. ती खरं बोलत होती, हे मला तेव्हाही... नांगर फिरवायची अक्कल अशिलाला कुणी दिली होती?

रहीम नळी मोरीत ओतायला निघाला. वकिलांनी ती हिसकावून उपरण्यात गुंडाळली, मुठीत आवळली. चटका बसला. कोमट असताना आलं होतं. निवत निवत पुन्हा कोमट होईल... तेव्हा परत येईल का?

"काय आहे हातात, वकीलसाहेब? दाखवा बघू." डॉक्टर हात पुसत वळले.

काच निवत चालली होती. डॉक्टरांवरचा राग, रहीमवरचा, गावावरचा, सगळा शोधून पाहिला; होता तिथे नव्हता. थोडा उरला होता, तो कुणावर काढायचा हे कळेना. मूठ उघडावीशीही वाटेना. न उघडताच कुणीतरी एकदा म्हणावं... असेल बाबा, होतं.