हात पोचेल तिथपर्यंत

मी एक जुने घर आहे. मित्रांनो, माझ्या दारावर 'ऐतिहासिक वास्तू' अशी पाटी आहे. ती काही माझ्या कर्तबगारीची नाही. माझ्यात वाढलेल्या तीन भावंडांमुळे ती मिळाली. थोरली चित्रकार झाली, मधला गाणी रचतो आणि धाकटी नाटके लिहिते.

लहानपणी तिघांनी मला रंगवून रंगवून रडकुंडीला आणले होते. शेवटी आईने नियम केला, "ज्याचा हात जिथपर्यंत पोचेल, तिथपर्यंतची भिंत त्याची. वरची माझी. स्टूल घ्यायचं नाही!"

थोरलीने घोडा काढला. हात पुरेना, म्हणून तो बिनडोक्याचा राहिला. पुढच्या वर्षी तिची उंची वाढली तेव्हा त्याला डोके आले, तेही भलत्याच मापाचे. मधला उंची वाढवायला दाराला लोंबकळायचा. दार निखळले, उंची तेवढीच. धाकटीने जमिनीलगत पालथे पडून पहिले नाटक लिहिले. त्यात राजा पहिल्याच ओळीत मेला, म्हणून नाटक तिथेच संपले.

पुढे मुले पांगली. मागच्या वर्षी आई गेली. उरलो बाबा आणि मी. दोघांचेही सांधे कुरकुरतात.

पाटी लावायच्या दिवशी तिघेही आली. पाटी घेऊन आलेले सरकारी साहेब रंगाऱ्याला म्हणाले, "सगळं पांढरं कर. ऐतिहासिक दिसायला हवं." घोडा, नाटक, सगळे पुसले जाणार. मी माझ्या मुलांना विसरणार होतो!

बाबा भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "खालची भिंत मुलांची आहे."

"बरं आजोबा, मग वरची रंगवतो," रंगारी म्हणाला.

"वरची तिची आहे."

"पण वर तर काहीच नाही!"

खरेच होते. तिला कधी सवडच मिळाली नाही.

बाबांनी थोरलीच्या पिशवीतून कोळशाची कांडी घेतली आणि ते स्टुलावर चढले.

"बाबा, लबाडी! स्टूल चालत नाही!" धाकटी ओरडली.

"मग नीट धरा. पडलो तर साहेब माझ्यावरही पाटी लावतील."

तिघांनी स्टूल धरले. जन्मात रेघ न ओढलेल्या बाबांनी आईचा चेहरा काढला. नाकाचा पार बटाटा झाला.

"आई अशी दिसायची?" थोरलीने विचारले.

"रागावली की."

ज्यांच्यामुळे पाटी, तेच स्टूल धरून उभे! साहेबांनी रंगाऱ्याला 'राहू दे' अशी खूण केली. रंगाऱ्याने गुपचूप बादलीवर झाकण ठेवले.

आता येणारे लोक घोड्याला हसतात आणि वर पाहिले की जरा थांबतात. मित्रांनो, घराला रंग जरूर द्या. फक्त ब्रश बुडवण्याआधी, भिंत कोणाची आहे, एवढे विचारा.